विहीर कोरडी, आलेखात काठोकाठ : माझ्या पहिल्या वेबसाइट्स आणि त्यांनी केलेले घोळ

"ताई, रिसर्च करायचा तर कोडिंग यायलाच हवं का?" हा प्रश्न मला ज्युनिअर्सकडून सतत येतो. पेटची तयारी करणारे विचारतात, नुकतीच सेट दिलेले विचारतात, एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला डेझर्टेशनच्या विषयासाठी धावाधाव करणारे तर हमखास विचारतात. मी भूशास्त्राची, कॉम्प्युटर सायन्सची नाही. त्यामुळे "अमुक भाषा शिका, तमुक कोर्स करा" असा सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. पण पीएचडीला यायच्या आधी मी तीन वेबसाइट्स बनवल्या होत्या. तिन्ही वाईट होत्या. त्यातल्या तिसरीमुळे मी एका गावाच्या बैठकीत सत्तरएक लोकांसमोर साफ चुकीचा आलेख दाखवला. आज डेटा हाताळताना मी जी काळजी घेते ती जवळजवळ सगळी त्या तीन प्रकल्पांतून आली आहे. म्हणून तेच सांगते.

पहिली वेबसाइट बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहून केलेली. वर माझं नाव उजवीकडून डावीकडे सरकतंय, खाली ट्रिपचे फोटो, मागे निळा रंग. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसायचं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उघडलं तर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. कारण फोटोंचा पत्ता मी माझ्या सी ड्राइव्हचा दिला होता. तो दुरुस्त करून फाइल्स फुकटच्या होस्टिंगवर चढवल्या, तरी अर्धे फोटो गायब. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच वाटतं, पण सर्व्हर लिनक्सचा होता आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात.

हसू येईल, पण हीच चूक मी पीएचडीच्या पहिल्या वर्षात एका सीनिअरच्या कोडमध्ये पाहिली. पेपर छापून आलेला, कोड सोबत जोडलेला, आणि पहिल्याच ओळीत त्याच्या स्वतःच्या डेस्कटॉपचा पत्ता. दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तो चालणं शक्यच नव्हतं. तुमच्या गाइडनी "रिप्रोड्युसिबल हवं" असं म्हटलं की त्याचा सगळ्यात साधा अर्थ इतकाच घ्या: फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या मशीनवर न्या आणि चालवून बघा.

दुसरी वेबसाइट : ॲपोफिलाइट सापडेना

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला विभागातल्या संग्रहाची यादी करायचं काम अंगावर आलं. काचेच्या कपाटांत दगड आणि खनिजं, प्रत्येकापुढे पिवळी पडलेली चिठ्ठी. मी म्हटलं, कागदावर कशाला, वेबसाइटच करूया, मराठीत करूया, शाळेची मुलं बघायला येतात त्यांना शोधता येईल. पीएचपी आणि मायएसक्यूएल व्हिडिओ बघून शिकले. दोन शनिवार मी आणि एक मैत्रीण बसून सुमारे १४० नमुन्यांची नोंद केली. सोमवारी पान उघडलं, तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. नाव: ????, ठिकाण: ????.

इथे जरा थांबते, कारण मराठीत डेटा गोळा करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे ठरवणारा तक्ता वेगळा असतो. युनिकोड हा असा तक्ता आणि यूटीएफ-८ ही त्यातले आकडे बाइट्समध्ये लिहायची पद्धत. इंग्रजी अक्षराला तिथे १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. मायएसक्यूएल मात्र तेव्हाच्या जुन्या आवृत्त्यांत, मुद्दाम काही सांगितलं नाही तर, लॅटिन-१ नावाचा तक्ता धरून चालायचं. त्यात देवनागरीला जागाच नाही. (२०१८ च्या ८.० आवृत्तीपासून हे बदललं.) मग तो बिचारा डेटाबेस काय करणार? जे अक्षर त्याच्या तक्त्यात नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा झाला.

मी समजत होते की मराठी आत कुठेतरी आहे, फक्त दिसत नाहीये. तसं नव्हतं. आत खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली होती. म्हणून एक ठोकताळा सांगून ठेवते. पडद्यावर चित्रविचित्र परदेशी अक्षरांचा कचरा दिसला तर बऱ्याचदा डेटा शाबूत असतो, चुकीच्या तक्त्याने वाचला जात असतो, आणि तो परत मिळवता येतो. सरळ प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील तर तो गेला. आमच्या पिवळ्या चिठ्ठ्या जागेवर होत्या म्हणून आणखी दोन शनिवार घालवून सुटका झाली. चिठ्ठ्या "आता वेबसाइट झाली, कशाला हव्यात" म्हणून टाकून दिल्या असत्या तर काय, हा विचार मी आजही करत नाही.

आता शोध चालायला हवा होता. 'ॲपोफिलाइट' टाकलं, तीनच नमुने आले. दख्खनच्या बेसाल्टमधून येणारं हे खनिज आमच्या कपाटांत डझनभर तरी होतं. प्रत्येक नोंद उघडून पाहिली, नाव बरोबरच दिसत होतं. मग लक्षात आलं, की हे 'ॲ' मी एका पद्धतीने टाइप केलं होतं आणि मैत्रिणीने दुसऱ्या. मराठी ॲला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र चढवायचे, किंवा हिंदी पद्धतीचा 'ऍ' वापरायचे, आणि कितीतरी कीबोर्ड अजूनही तेच देतात. डोळ्याला पहिले दोन अगदी सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडची अशी वेगवेगळी रूपं एकत्र करायची जी प्रमाण पद्धत आहे, जिला नॉर्मलायझेशन म्हणतात, तीसुद्धा या प्रकारांना एक मानत नाही. आपला नियम आपणच लिहावा लागतो.

हे वाचून "आमचा डेटा इंग्रजीत असतो" असं म्हणाल, तर जीवशास्त्रवाल्यांची गोष्ट ऐका. सेप्ट२ नावाचं एक जनुक आहे. एक्सेलला ते नाव दिलं की तो त्याची '२ सप्टेंबर' अशी तारीख करून टाकतो. २०१६ मध्ये काही संशोधकांनी छापून आलेल्या जनुकांच्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हा साधारण पाचातल्या एका पेपरमध्ये असल्या चुका निघाल्या. शेवटी एक्सेल बदलेना म्हणून जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच २०२० पर्यंत त्या जनुकांची नावं बदलली! सॉफ्टवेअर जेव्हा न विचारता 'मदत' करतं, तेव्हा जास्त सावध राहायचं.

तिसरी : विहिरींचा फॉर्म

आता मुख्य गोष्ट. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला माझं डेझर्टेशन पुरंदर तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीवर होतं. २०१८ चा पाऊस कमी झाला होता, त्या वर्षी राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. एका गावातल्या ३० विहिरी निवडल्या. दर महिन्याला प्रत्येक विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. अंतर वाढलं की पाणी खाली गेलं. काम साधं आहे. पण मी एकटी दर वेळी जाऊ शकत नव्हते, म्हणून गावातली दोन कॉलेजची मुलं मदतीला घेतली आणि त्यांच्यासाठी मोबाइलवर भरायचा फॉर्म बनवला. फॉर्मला मालकाचं नाव, विहीर क्रमांक, नदी, पातळी असे रकाने होते. मला फार अभिमान वाटला होता. बाकीचे वहीत लिहितात, आमचा डेटा थेट सर्व्हरवर.

पहिला घोळ तारखांचा. विहिरी आम्ही पहाटे मोजायचो, कारण मोटर सुरू झाली की पातळी उतरते आणि तुम्ही विहिरीऐवजी मोटर मोजता. (शेतीची थ्री-फेज लाइट काही दिवस रात्री असते, तेव्हा पहाटेही उपयोग नसतो. गावात गेलात की आधी लाइटचं वेळापत्रक विचारा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.) फॉर्म भरला की सर्व्हर आपली तारीख लावायचा. सर्व्हर परदेशात, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५.१० ला घेतलेली नोंद तिथे आदल्या दिवशी रात्री ११.४० ची झाली. सहा वाजता घेतलेली मात्र त्याच दिवसाची. म्हणजे एकाच फेरीतल्या विहिरी दोन तारखांत विभागल्या गेल्या. हे लवकर सापडलं आणि साडेपाच तास मिळवून दुरुस्तही झालं.

दुसरा घोळ नदीचा. पुरंदरमधून कऱ्हा वाहते. 'नदी' हा रकाना मी मोकळा ठेवला होता, ज्याने त्याने टाइप करायचं. महिन्याअखेर नदीनुसार विहिरी मोजल्या तर यादीत कऱ्हा नावाच्या तीन नद्या! 'कऱ्हा', 'कर्‍हा' आणि 'कर्हा'. पहिल्या दोघींत तुम्हाला फरक दिसणार नाही. एकीत खाली टिंब असलेला 'ऱ' आहे, दुसरीत साधा 'र' आणि त्याला जोडणारं एक अदृश्य चिन्ह. मराठीतला हा अर्धा र आपला खास, आणि तो टाइप करायच्या या दोन्ही पद्धती चालू आहेत. ॲपोफिलाइटवरून मी शहाणी व्हायला हवं होतं, झाले नव्हते. तुमच्या सर्व्हेत गाव, नदी, पीक असलं काही असेल तर टाइप करायला देऊच नका, यादीतून निवडायला द्या आणि मागे क्रमांक साठवा. गावांना तर २०११ च्या जनगणनेचे सहा अंकी क्रमांक तयारच आहेत. दोन तक्ते जोडायची वेळ येते तेव्हा नावांवर विसंबलेले लोक आठवडे घालवतात.

तिसरा घोळ आडनावाचा. आमचा एक वर्गमित्र वसईचा. तो एकदा मदतीला आला आणि त्याने आपलं आडनाव 'डि'सोझा' असं, मधल्या वरच्या स्वल्पविरामासकट, इंग्रजीत टाकलं. फॉर्म कोलमडला. माझ्या कोडमध्ये लोकांनी टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवला जात होता, आणि त्या चिन्हामुळे आज्ञा मध्येच संपली. मी काय केलं असेल? "चिन्ह टाकू नका" अशी लाल अक्षरांत सूचना लिहिली. कॉम्प्युटर सायन्सच्या एका दादाने ती वाचून कपाळावर हात मारला. ज्या फटीतून एक आडनाव आज्ञा मोडू शकतं, तिथून कुणी मुद्दाम अख्खा तक्ता पुसायची आज्ञाही घालू शकतं. उपाय एका संध्याकाळचा होता: आज्ञा आधी तयार करून ठेवायची आणि लोकांचा मजकूर तिच्यात वेगळ्या कप्प्यातून द्यायचा. पण त्याचं एक वाक्य माझ्या कामाचं निघालं. "माणसाचं नाव तुझ्या फॉर्ममध्ये बसत नसेल तर फॉर्म चुकलाय, माणूस नाही." प्रश्नावली बनवताना मला ते नेहमी आठवतं. गावात विहिरीची खोली परसात सांगतात, आणि एका परसाचे किती फूट धरायचे यावर दोन म्हाताऱ्यांचं एकमत होत नाही. माझ्या फॉर्मला फक्त मीटर हवे होते. मुलं मनातल्या मनात हिशोब करून काहीतरी भरायची. आता मी जो आकडा सांगितला तो आणि ज्या एककात सांगितला ते, दोन्ही जसंच्या तसं नोंदवते, आणि मीटर नंतर काढते.

आता चौथा. मे महिना. गावात टँकरच्या प्रस्तावाबद्दल बैठक होती. सरपंचांनी मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, विचारलं की तुमच्या मुलीने वर्षभर पातळी मोजली आहे, तर ती दाखवेल का. मला आभाळ ठेंगणं झालं. रात्रभर जागून आलेख केला. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पातळी हळूहळू खाली, आणि मे महिन्यात एकदम वर. मला ते खटकलं का? खटकलं. पण मी स्वतःची समजूत घातली, की एखादा वळवाचा पाऊस झाला असेल, किंवा शेतं रिकामी झाल्यावर उपसा थांबला असेल. हे विशेष लक्षात ठेवा, चुकीच्या आकड्याला शास्त्रीय कारण देणं आपल्याला फार सोपं जातं.

देवळासमोरच्या मंडपात प्रोजेक्टर लावला. आलेख दाखवला. मागून एक आजोबा उठले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. म्हणाले, "बाळ, माझ्या हिरीत गेल्या म्हयन्यापास्नं कासव बी न्हाई राह्यलं. तुमच्या यंत्रात काठोकाठ दिसतीया, तर मला बी दाव की कुठं हाय पाणी." सगळे हसले. मग हसणं थांबलं, कारण कुणीतरी म्हणालं, की हाच कागद तहसीलला गेला तर टँकर कोण देणार?

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मॅडम उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आलेख मागे घेतो. दोन दिवसांत बरोबर आकडे देतो." एवढंच. परतीच्या एसटीत त्या मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

झालं काय होतं ते बघा. विहीर कोरडी असली की मुलं पातळीचा रकाना रिकामा ठेवायची. बरोबरच होतं त्यांचं, पाणीच नाही तर मोजणार काय? रिकामा रकाना सर्व्हरकडे गेला. डेटाबेसच्या त्या रकान्यात फक्त आकडा बसत होता, आणि त्या फुकटच्या होस्टिंगवर कडक तपासणी बंद होती. अशा वेळी मायएसक्यूएल तक्रार करत नाही, रिकाम्या मजकुराचं गुपचूप ० करतो. आणि माझ्या मोजमापात ० म्हणजे काय? काठापासून पाणी शून्य मीटर. म्हणजे विहीर तुडुंब. गावातल्या सगळ्यात कोरड्या विहिरी माझ्या तक्त्यात सगळ्यात भरलेल्या झाल्या होत्या, आणि उन्हाळा जसजसा वाढला तसतशा त्या आणखी वाढल्या.

मग मी शून्यं काढून टाकली आणि सुटलो म्हटलं. मॅडमनी कागद घेतला आणि पाच विहिरींचं उदाहरण करायला लावलं. तुम्हीही करा.

एप्रिलमध्ये पाच विहिरींत पाण्यापर्यंतचं अंतर ६, ७, ८, ९, १० मीटर. सरासरी ८. मे महिन्यात पहिल्या तिघी ७, ८, ९ वर गेल्या, शेवटच्या दोन आटल्या. त्यांची एकूण खोली १० आणि ११ मीटर. आता मे महिन्याची सरासरी किती?

आटलेल्यांना ० धरलं तर २४ भागिले ५, म्हणजे ४.८. पाणी तीन मीटर वर आलं! हा माझा मंडपातला आलेख. आटलेल्या वगळल्या तर २४ भागिले ३, म्हणजे ८. पाणी जिथल्या तिथे. हे ऐकायला सभ्य वाटतं, पण प्रत्येक विहिरीत पाणी किमान एक मीटर खाली गेलेलं आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हेही खोटंच. आटलेल्या विहिरीत पाणी तळाच्या खाली कुठेतरी आहे, म्हणजे १० आणि ११ पेक्षा जास्त. ते धरलं तर सरासरी ९ 'किंवा त्याहून जास्त'. आणि सरासरीऐवजी मधली विहीर घेतली, म्हणजे मध्यक, तर एप्रिलचा ८ आणि मेचा ९. आटलेल्या विहिरींचं पाणी नेमकं किती खोल गेलं हे माहीत नसूनही मध्यक बदलत नाही.

दुसरं उत्तर जास्त धोकादायक आहे, पहिल्यापेक्षा. पहिलं आजोबांनी पकडलं. दुसरं कुणी पकडलं नसतं. नोंद नसणं आणि नोंद न होण्याचं कारण, यांचा संबंध असतो. विहीर मालक बाहेरगावी गेला आणि फाटकाला कुलूप होतं म्हणून मोजता आली नाही, ती वगळली तर फारसं बिघडत नाही, कारण कुलपाचा पाण्याशी संबंध नाही. विहीर आटली म्हणून मोजता आली नाही, ती वगळली की तुम्ही दुष्काळच वगळता. संख्याशास्त्रात याला 'सेन्सॉर्ड' डेटा म्हणतात. औषधांच्या चाचण्यांत मध्येच येणं बंद केलेले रुग्ण, पाण्याच्या तपासणीत 'यंत्राच्या मर्यादेपेक्षा कमी' आलेलं आर्सेनिक, परीक्षेला न बसलेली मुलं... प्रत्येक वेळी आधी विचारायचं, की हा रकाना रिकामा का आहे?

त्या दोन दिवसांत मी गावात जाऊन तीसही विहिरी परत पाहिल्या. आजोबांच्या विहिरीत खरंच तळाला भेगा पडल्या होत्या. मुलांच्या वहीत (हो, मी नको म्हटलं तरी त्यांनी वही ठेवली होती!) प्रत्येक कोरड्या विहिरीपुढे 'कोरडी' लिहिलेलं होतं. त्या वहीमुळे मागचे महिने दुरुस्त करता आले. नवीन आलेख मॅडमनी स्वतः सही करून सरपंचांकडे दिला.

फॉर्ममध्ये मी 'स्थिती' नावाचा रकाना वाढवला: मोजली, कोरडी, कुलूप, इतर. 'मोजली' निवडलं तरच आकडा मागायचा. पातळी विहिरीच्या खोलीपेक्षा जास्त भरली तर अडवायचं. आणि आता रिकामं काही आत जाऊच नये म्हणून पीएचपीमध्ये एक अट घातली, मजकूर रिकामा असेल तर नोंद घेऊ नकोस. पावसाळ्यात त्याच फॉर्मवर पर्जन्यमापकाची नोंद सुरू केली. जुलै संपता संपता पाहते, तर पाऊस न पडलेला एकही दिवस तक्त्यात नाही. पीएचपीची ती अट '०' लाही रिकामंच समजते! पहिल्या वेळी रिकाम्याचं शून्य झालं होतं, दुसऱ्या वेळी शून्याचं रिकामं. ० मिलीमीटर पाऊस ही नोंद आहे, खरंतर त्या तालुक्यात सगळ्यात महत्त्वाची. ती गेल्यामुळे रोजचा सरासरी पाऊस फुगला होता. या वेळी मात्र कुणाला दाखवायच्या आधी सापडलं, कारण आता मी प्रत्येक महिन्याला किती नोंदी असायला हव्यात ते आधी लिहून ठेवते आणि मग किती आल्या ते मोजते. जुलैचे ३१ दिवस, नोंदी १९. बस, एवढीच तपासणी.

उरलेल्या दोन गोष्टी भराभर सांगते. एक, त्या वेबसाइटवर मी नकाशासोबत विहीर मालकांची नावं आणि मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतील असे ठेवले होते. का? तक्त्यात होते म्हणून. एका काकांनी फोन करून विचारलं, "पोरी, माझा नंबर सगळ्या दुनियेला का वाटलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजायला परवानगी दिली होती त्यांनी, छापायला नाही. आता २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, विद्यापीठांच्या नीतिसमित्याही संमतीपत्र मागतात, पण समितीच्या आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. जो रकाना तुमच्या विश्लेषणात येणार नाही तो गोळाच करू नका.

दोन, ते फुकटचं होस्टिंग वर्षभर कुणी लॉगिन केलं नाही म्हणून बंद झालं. माझ्या डेझर्टेशनच्या परिशिष्टात छापलेला पत्ता आज कुठेही जात नाही. दगडांच्या संग्रहाची यादीही त्याच खात्यावर होती. कोडच्या शेवटच्या, शेवटच्या_नवीन, शेवटच्या_खरंच_शेवटच्या अशा अकरा प्रती माझ्याकडे होत्या, पण चालणारी कोणती ते माहीत नव्हतं. गिट नावाचं साधन लायनस टोरवाल्ड्सने २००५ मध्येच बनवून ठेवलं होतं, मी ते २०२० मध्ये शिकले. आणि डेटा कायमचा ठेवायचा तर झेनोडोसारखी जागा वापरा. सर्न ही संस्था ती चालवते, तिथे डीओआय क्रमांक मिळतो आणि तो पेपरमध्ये देता येतो.

तर, कोडिंग यायला हवं का? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'माहिती संकलन' असं एक पान असेलच. त्यातला एक फॉर्म घ्या, कागदी असो की गूगलचा, आणि तुमच्या विषयाशी काही संबंध नसलेल्या दोघांना भरायला द्या. शेजारी बसा, पण काही सांगू नका. ते कुठे अडतात, काय रिकामं सोडतात आणि का, ते वहीत लिहा. पीएचडीच्या माझ्या विहिरींसाठी मी हे केलं तेव्हा पहिलीच विहीर आजोबांची घेतली. फॉर्म त्यांच्या नातवाने भरला. 'स्थिती'मध्ये 'इतर' निवडून त्याने लिहिलं होतं: 'पाणी आहे पण कुत्रं सोडलंय.' तो पर्याय आता यादीत आहे.